फाटका स्पीकर, लाल कोट आणि भाऊबंदकी

मागच्या अंकात बोलता बोलता मी किंक्स या इंग्लंडच्या जुन्या बँडचं नाव घेतलं, स्पीकर फाडून नाव काढलेली पोरं असं एक वाक्य टाकलं आणि पुढं गेलो. तर तेवढ्या एका वाक्यावर एवढी पत्रं! एरवी या सदरात पेटीची पट्टी बदलून मिळते का, ढोलकीची शाई का उडते, पोरीला कीबोर्ड कुठला घेऊ, असले प्रश्न असतात आणि मला तेच बरे वाटतात, कारण त्यांची उत्तरं मला हाताला माहीत आहेत. पण या खेपेला निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळ्यांना किंक्सच पाहिजे. चला तर मग, बाकीचं पुढच्या अंकात.

ज्यांनी नावच पहिल्यांदा ऐकलं त्यांच्यासाठी थोडक्यात. उत्तर लंडनमधला मझवेल हिल भाग, १९६४ साल, चार पोरं. रे डेव्हिस गाणारा आणि गाणी लिहिणारा, त्याचा धाकटा भाऊ डेव्ह गिटारवर, पीट क्वेफ बेसवर आणि मिक एव्हरी ड्रमवर. बीटल्सच्या काळातलेच, आपल्याकडं त्यांचं नाव कमी पोचलं इतकंच. माझ्यापर्यंत पोचलं ते कँपातल्या शेजारच्या एका गोव्याच्या अंकलमुळं. रविवारी चर्चहून आले की ते खिडकी उघडी ठेवून रेकॉर्ड लावायचे आणि आम्ही पोरं कंपाउंडवर बसून ऐकायचो, शब्द एक कळायचा नाही.

प्रश्न : अण्णा, पोरगं दिवसभर गिटार वाजवूलालंय आणि आता म्हणतंय डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज फाटका करायचं पेडल पाहिजे, आठ हजार काढा. तुम्ही लिहिलंय की त्या बँडवाल्यांनी स्पीकर फाडून आवाज काढला. खरं असलं तर सांगा, त्याच्या हातात दोन रुपयांचं ब्लेड देतो आणि मोकळा होतो. (एक वैतागलेला बाप, निपाणी)

उत्तर : ब्लेड देऊ नका हो! आधी ऐका.

डेव्ह तेव्हा सतरा वर्षांचा. त्याच्याकडं हार्मनी कंपनीची मीटिऑर नावाची गिटार होती आणि एल्पिको नावाचा एक बारका हिरवा अँप्लिफायर, रेडिओच्या दुकानातनं आणलेला. आवाज साधा सरळ यायचा आणि पोराला नेमका तोच नको होता. एक दिवस वैताग आला आणि त्यानं दाढीचं ब्लेड घेऊन स्पीकरच्या कागदी कोनाला चिरा मारल्या. कोन सुटून पडला नाही, पण तार छेडली की चिरलेला कागद फडफडायचा आणि त्या फडफडीनं सुराला काटे फुटले. मग तो एल्पिको त्यानं व्हॉक्सच्या एसी-थर्टी या मोठ्या अँपला जोडला, म्हणजे बारक्यानं घसा फोडून ओरडायचं आणि मोठ्यानं ते गावभर करायचं. ट्रिक एवढीच. जुलै १९६४ मध्ये लंडनच्या आयबीसी स्टुडिओत 'यू रियली गॉट मी' त्या आवाजात रेकॉर्ड झालं, ऑगस्टमध्ये बाजारात आलं आणि सप्टेंबरात इंग्लंडात एक नंबरला. त्याच्याआधी हेच गाणं एकदा संथ आणि गुळगुळीत रेकॉर्ड झालं होतं, पण रे अडून बसला की हे बाहेर काढायचं नाही, परत करा. अडून बसला म्हणून बरं झालं.

आता माझा अनुभव सांगतो. पोरपणी आमच्या गल्लीतल्या गणपतीत ऑर्केस्ट्रात मी गिटार वाजवायचो. एका वर्षी वर्षभर पोटमाळ्यावर पडलेला स्पीकर खाली काढला, झाकण उघडायचे कष्ट कुणी घेतले नाहीत, आणि पहिल्याच गाण्याला भर्रर्र असा आवाज यायला लागला. पुढं बसलेल्या आजोबांनी कानावर हात ठेवले, अध्यक्ष माझ्याकडं डोळे वटारून बघायला लागले जशी काय मीच काहीतरी वाकडी कळ दाबली. मागनं उघडून बघतो तर उंदरानं कोनाचा पाव भाग कुरतडलेला. गणपतीचंच वाहन, बोलणार कुणाला! वहीचा पातळ कागद आणि फेविकॉल लावून दोन दिवस काढले. पण खरं सांगू, त्या भर्रर्रमध्ये गिटारच्या दोन तारा नुसत्या दाबून खेचल्या ना, तर छातीत काहीतरी हलायचं. अंकलच्या खिडकीतनं येणारा तो आवाज हाच, हे मला त्या दिवशी कळलं. डेव्हनं जे ब्लेडनं केलं ते आमच्याकडं उंदरानं फुकटात केलं, फरक एवढाच की आम्ही ते चिकटवून टाकलं.

आणि आवाजात मुद्दाम खर घालायची गोष्ट आपल्याला काय नवीन आहे हो? इथनं तीन तासांवर मिरज. तिथं सतारमेकरकडं बसून बघा, तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी काढताना माणूस कानसीचा एक हात फिरवतो, ऐकतो, परत फिरवतो, आणि तारेखाली दोऱ्याचा जीव सरकवतो तो कशासाठी? तार नुसती टण्ण वाजू नये, तिला झणझण यावी म्हणूनच ना. ते शंभर वेळा कान लावून करतात आणि डेव्हनं रागानं एकदाच केलं, एवढं सोडलं तर जात एकच.

यातली मजा पुढं आहे. रेनं मागाहून सांगायला सुरुवात केली की त्या आवाजात माझापण हात आहे, मी विणायच्या सुया खुपसल्या होत्या स्पीकरमध्ये. आणि २०१४ साली डेव्हनं जाहीर लिहून टाकलं की भाऊ खोटं बोलतोय, अँप माझा, ब्लेड माझं, आवाज माझा. पन्नास वर्षांनी! फाटक्या कागदावर हक्क कुणाचा यासाठी. सातबाऱ्यावरनं भांडणारी माणसं आपण बघितलीत, हे त्याच्या वरचे. शिवाय त्या गाण्यातली लीड गिटार, म्हणजे मधला एकट्या गिटारचा तुकडा, डेव्हनं वाजवलीच नाही, जिमी पेजनं (पुढं लेड झेपेलिन बँडचा गिटारवाला) वाजवली अशी एक अफवा कायम फिरत असते, तीपण खोटी, ती लीड माझी नव्हे हे पेजनं स्वतः सांगितलंय. ड्रमवर मात्र त्या दिवशी बॉबी ग्रॅहम नावाचा भाड्याचा वादक होता आणि आपल्या मिकला टँबोरिन हातात दिलं होतं, हे खरं आहे.

पोराला पेडल घ्या, पण सेकंडहँड बघा, निम्म्यात मिळतं. आणि त्याला सांगा आधी साध्या आवाजात वाजवून दाखव. खर घातली की चुका झाकतात, हे मी त्या उंदराच्या कृपेनं शिकलोय.

प्रश्न : त्यांच्या घरची परिस्थिती चांगली होती का? एवढी वाद्यं कुठनं आली? आणि डेव्हच्या हातात ती बाणासारखी गिटार दिसते ती कसली? मी स्वतः साडेतीन हजाराची गिटार वाजवते. (बीएस्सीची विद्यार्थिनी, खानापूर)

उत्तर : साडेतीन हजाराची असली तरी तार नवीन घाल बाई, अर्धा फरक तिथंच पडतो.

परिस्थिती अजिबात चांगली नव्हती. आठ भावंडं, आधी सहा मुली आणि शेवटी हे दोघं मुलगे, म्हणजे लाड किती झाले असतील ते बघ. घराच्या पुढच्या खोलीत एक पियानो होता आणि शनिवारी रात्री सगळा गोतावळा जमून गाणी व्हायची. 'यू रियली गॉट मी' रेला सुचलं तेपण त्याच पियानोवर.

पहिली गिटार रेला दिली रेनी नावाच्या थोरल्या बहिणीनं. तिचं काळीज लहानपणापासून अधू होतं. २१ जून १९५७, रेचा तेरावा वाढदिवस, त्याला हवी होती ती स्पॅनिश गिटार तिनं हातात ठेवली, त्याच्याबरोबर दोन गाणी पियानोवर वाजवली आणि संध्याकाळी नाचायला म्हणून लंडनच्या लायसियम बॉलरूमला गेली. तिथंच नाचता नाचता गेली. वय एकतीस. ही गोष्ट लक्षात ठेव, खाली परत लागणार आहे.

आता बाण. ती गिब्सन कंपनीची फ्लाइंग व्ही, १९५८ ची. इंग्रजी व्ही उलटा धरल्यासारखी दिसते. त्या काळात ती लोकांना इतकी चमत्कारिक वाटली की १९५८ आणि ५९ मिळून शंभरसुद्धा खपल्या नाहीत. १९६५ मध्ये किंक्स पहिल्यांदा अमेरिकेला गेले तेव्हा विमानाच्या सामानात डेव्हची चांगली गिटार हरवली. लॉस एंजेलिसमध्ये कार्यक्रम तोंडावर आणि हातात गिटार नाही, तर एका दुकानात गेला आणि कोपऱ्यात कुणी न विचारलेली ही व्ही उचलून आणली. बसून वाजवायला गेलं की मांडीवरनं घसरते, म्हणून गडी तिच्या दोन फाट्यांच्या मधनं हात घालून वाजवायचा. आज तसली मूळ गिटार विकायला निघाली तर तिच्या किमतीत तुमच्या खानापुरात रोडटच बंगला होईल.

वाद्यांचं अजून एक. १९७० च्या 'लोला' गाण्याची सुरुवात ऐक, ती खणखणीत तार एका गिटारची नाही, मार्टिनची लाकडी आणि नॅशनलची लोखंडी खोक्याची अशा दोन एकावर एक आहेत. त्याच गाण्यात कोका-कोला हा शब्द आला म्हणून बीबीसीनं लावायला नकार दिला, जाहिरात होते म्हणून, तर रे अमेरिकेतला दौरा सोडून विमानानं लंडनला आला, स्टुडिओत उभा राहून चेरी कोला असं म्हणाला आणि परत गेला. एका शब्दासाठी! आमच्या ऑर्केस्ट्रातला गायक अख्खं कडवं विसरला तरी मागं वळून बघायचा नाही.

प्रश्न : आमच्या घरात आजोबांपासून बँड आहे, वरातीला वाजवतो. लाल कोट, सोनेरी फीत, पांढरी विजार. नातवानं मोबाईलवर या किंक्सचा फोटो दाखवला तर काय, हे आमच्याच ड्रेसमध्ये! यांनी आमचं घेतलं का आम्ही यांचं? (बँडमास्टर, चिकोडी तालुका)

उत्तर : मास्तर, तुमचा प्रश्न वाचून मी दुकानात एकटा हसत बसलो, गिऱ्हाईक आलेलं कळलं नाही.

दोघांनी साहेबाचंच घेतलं, पण वेगवेगळ्या कपाटातनं. तुमचा कोट आला पलटणीच्या बँडवरनं. किंक्सचा लाल कोट होता कोल्ह्याच्या शिकारीला जायचा. इंग्लंडातले जमीनदार घोड्यावर बसून, कुत्री सोडून कोल्ह्याच्या मागं जायचे तेव्हा घालायचे तो. त्याखाली झालरीचा पांढरा शर्ट, उंच बूट. आणि कोट घातलेला कोण, तर मजुराच्या घरातली पोरं, जी घोड्यावर बसली असतील तर जत्रेतल्या! त्यातच गंमत होती. बीटल्स नीटनेटके सूट घालून सगळ्यांच्या आयांना आवडत होते, मग आपण वेगळं काय दिसायचं, तर जमीनदाराचा कोट घालून, केस वाढवून, फाटक्या स्पीकरवर गोंधळ घालायचा. नावसुद्धा तसंच ठेवलं, किंक म्हणजे वाकडेपणा, तारेला पडलेला पीळ. लोक नाकं मुरडतील हे माहीत असून ठेवलं.

केस सगळ्यात जास्त डेव्हनं वाढवले आणि कपड्यांचा शौकही त्यालाच. रेचं डोकं वेगळं. १९६६ मध्ये लंडनच्या कार्नबी स्ट्रीटवर रोज नवा कपडा घालून मिरवणाऱ्यांची टर उडवणारं 'डेडिकेटेड फॉलोअर ऑफ फॅशन' त्यानंच लिहिलं. स्वतः लाल कोट घालून नाव कमावलं आणि दोन वर्षांत नटव्यांची चेष्टा. मला हा माणूस आवडतो तो यासाठीच, पण घरात असला तर सोसणं अवघड, हेपण समजतं.

तुम्ही कोट बदलू नका. फक्त बाहीची फीत सुटलीय तेवढी शिवून घ्या, फोटोत दिसतंय.

प्रश्न : किंक्स मुंबईला आले होते असं मी तरुणपणी ऐकलं होतं. खरं का? (निवृत्त रेल्वे कर्मचारी, बेळगाव)

उत्तर : खरं. आणि या अख्ख्या सदरात मला मनापासून लिहावंसं वाटलं ते हेच उत्तर.

जानेवारी १९६५. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाताना वाटेत मुंबईत मुक्काम पडला. कार्यक्रम वगैरे काही नाही, नुसता थांबा. रेला झोप लागेना, पहाटेच उठून समुद्राकडं गेला. आधी नुसता आवाज आला, लांबनं, माणसं दिसेनात. मग आवाज जवळ जवळ येत गेला आणि दिसलं की कोळी आहेत, खांद्यावर जाळी घेऊन कामाला निघालेत आणि चालता चालता एका सुरात गातायत. रेनं पुढं अनेक मुलाखतीत हे सांगितलंय. त्याच्या डोक्यात तो सूर बसला तो बसलाच.

त्यातनं निघालं 'सी माय फ्रेंड्स', जुलै १९६५ च्या शेवटी आलेलं. सतार नाही, तबला नाही, कुणी पंडित आणून बसवलेला नाही. गिटारच अशी वाजवलीय की एक सूर खाली सारखा धरून ठेवलाय, सुटतच नाही, तानपुरा लावल्यासारखा, आणि रे त्यावर नाकातनं, आळसावल्यासारखा गातो. बीटल्सच्या रेकॉर्डवर सतार वाजली डिसेंबर १९६५ मध्ये, म्हणजे याच्यानंतर चार महिन्यांनी. पण हे गाणं इंग्लंडात दहाव्या नंबरपर्यंतच गेलं, त्या लोकांना त्यांच्याकडनं दुसरं काहीतरी दणदणीत पाहिजे होतं. त्यामुळं भारताचा सूर इंग्रजी गाण्यात आणला कुणी म्हटलं की सगळे बीटल्सचं नाव घेतात आणि किंक्स राहतात बाजूला. कोळ्यांचं तर बाजूलासुद्धा नाव नाही. कुठल्या वाड्यावरचे होते, काय गात होते, कुणी विचारलं नाही. एक ताजा बोंबील तरी पाठवायचा.

वरती मी खानापूरच्या पोरीला म्हटलं ना, लक्षात ठेव म्हणून. या गाण्यात एक नदी आहे, कुणीतरी नदीपल्याड गेलंय आणि गाणारा अल्याड उभा आहे. आपल्याला वैतरणी सांगायला लागत नाही, लगेच कळतं. रेनं नंतर सांगितलं की हे गाणं रेनीच्या जाण्याशी जोडलेलं आहे, ती गिटार देऊन गेलेली बहीण. इंग्रजी फारसं न कळणाऱ्या माझ्या आईला हे गाणं एकदा ऐकवलं होतं, ती निवडत होती तांदूळ, मान वर न करता म्हणाली, कोण गेलंय रे याचं?

सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या मुलखातली माणसं आपण, धरून ठेवलेला एक सूर काय करू शकतो हे मी तुम्हाला काय सांगणार. पण हे गाणं रात्री, दिवे घालवून, एकदा ऐका. मोबाईलच्या स्पीकरवर नको.

प्रश्न : स्टेजवर मारामारी झाली होती म्हणे. कुणी कुणाला मारलं? (अथणी)

उत्तर : १९ मे १९६५, वेल्समधलं कार्डिफ, कॅपिटल थिएटर. डेव्हनं आधी मिकला शिव्या दिल्या आणि त्याचे ड्रम लाथेनं उडवले, मिकनं हाय-हॅटचं, म्हणजे पायानं वाजवायच्या झांजांचं लोखंडी स्टँड उचलून डेव्हच्या डोक्यात घातलं. डेव्ह रक्तात पडला, डोक्याला सोळा टाके. मिकला वाटलं मेला, तो पळून गेला. नंतर पोलिसांना सांगितलं की आमच्या कार्यक्रमातलाच एक खेळ होता, वाद्यं एकमेकांवर फेकायचा! आणि हेच लोक महिन्याभरात एकत्र अमेरिकेला गेले. तिथंपण कुठं पैशावरनं, कुठं शिस्तीवरनं अशी भांडणं करून ठेवली की तिथल्या वादकांच्या संघटनेनं त्यांना चार वर्षं परत येऊ दिलं नाही, १९६९ पर्यंत. ऐन कमवायची चार वर्षं गेली. पण अमेरिका बंद झाल्यावर रे आपल्याच गल्लीबद्दल लिहायला लागला, खेड्यातलं मैदान, चहा, जुनी दुकानं, वॉटर्लू पुलावरची संध्याकाळ, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात चांगलं काम तेच.

प्रश्न : दोघं भाऊ हयात आहेत तर किंक्स परत एकत्र येतील का? विचारायचं कारण वेगळं आहे. आमच्या वडिलांची आणि काकांची भजनी मंडळी होती. वाटणी झाली तेव्हा पेटी वडिलांकडं आली, पखवाज काकांकडं गेला. बावीस वर्षं झाली, एका आवारात राहतात, बोलत नाहीत. पेटीचा भाता फाटलाय, तोपण कुणी दुरुस्त करत नाही. (नाव छापू नये, संकेश्वर)

उत्तर : आधी त्या भावांचं सांगतो.

किंक्सचा शेवटचा कार्यक्रम १९९६ च्या जूनमध्ये झाला, ऑस्लोला, नॉर्वेत. मोडलो असं कुणी जाहीर केलं नाही, नुसतं परत वाजवलं नाही. पुढच्या वर्षी डेव्हची पन्नाशी. डेव्ह सांगतो ते असं की पार्टीचा खर्च रेनंच केला, आणि केक कापायच्या वेळेला टेबलावर चढला, आपणच कसे मोठे यावर भाषण केलं आणि केकवर पाय दिला. ही डेव्हची बाजू. वाटणीच्या गोष्टीत दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात हे तुम्हाला माहीतच आहे.

मग २००४ हे वर्ष आलं. जानेवारीत न्यू ऑर्लिन्समध्ये चोराचा पाठलाग करताना रेच्या मांडीत गोळी लागली. जूनमध्ये डेव्हला लंडनमध्ये पक्षाघाताचा झटका आला, हात चालेना, बोलणं अडखळायला लागलं. गिटार परत पहिल्यापासून शिकावी तशी शिकला. २०१० च्या जूनमध्ये पीट गेला, बरीच वर्षं डायलिसिसवर होता आणि त्या खुर्चीत बसून डायलिसिसबद्दलच व्यंगचित्रं काढायचा. तो गेल्यावर चारच दिवसांनी रेचा ग्लॅस्टनबरीला कार्यक्रम होता, तो त्यानं पीटच्या नावानं केला आणि स्टेजवर गाताना रडला.

म्हणजे ते मूळचे चार आता होणे नाही, हे तिथंच संपलं. मला विचाराल तर लोक ज्याची वाट बघतात ते १९६४ चं असतं आणि ते कुठल्याच भावांना परत आणता येत नाही. १९९० मध्ये अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये चौघांचा एकत्र सत्कार झाला, चौघंही आले होते. तेवढं मिळालं.

पण १८ डिसेंबर २०१५ ला लंडनच्या इस्लिंग्टन असेंब्ली हॉलमध्ये डेव्हचा कार्यक्रम चालू होता, शेवट आला आणि रे स्टेजवर चालत आला. जवळजवळ वीस वर्षांनी दोघं एका स्टेजवर. 'यू रियली गॉट मी' वाजवलं. ज्या गाण्याच्या आवाजावरनं वर्षभरापूर्वी खोटारडा म्हणून झालं होतं, तेच. २०१८ मध्ये रे टीव्हीवर म्हणाला की आम्ही परत एकत्र येतोय, रोलिंग स्टोन्स अजून वाजवतायत मग आम्ही का नाही, आणि लगेच हेपण म्हणाला की अडचण अशी की डेव्ह आणि मिक यांचं कधी पटलंच नाही. सोळा टाके कोण विसरतंय हो! मिक मात्र बँडमधनं बाहेर पडल्यावरसुद्धा भावांच्या कॉंक स्टुडिओत कारभार बघत होता, हेपण एक नवलच. त्या घोषणेनंतर कार्यक्रम काही झाला नाही. जुनी गाणी निवडून २०२३ पासून नव्या रेकॉर्ड निघाल्या आणि त्या निवडायला दोन्ही भाऊ बसले. रे १९४४ चा, डेव्ह १९४७ चा. दौरा होईल असं मला वाटत नाही. एखाद्या दुपारी कॉंकमध्ये दोघं बसतील, एक पियानोवर एक गिटारवर, भांडतील आणि उठतील, हे होऊ शकतं, कदाचित होतपण असेल आणि आपल्याला कळणारसुद्धा नाही.

आता तुमचं. भाता फाटला म्हणजे पेटी गेली असं नाही, चामड्याच्या पट्ट्या आणि नवं कापड, तीन दिवसांचं काम आहे. मंगळवारी आणून द्या. तुमचं नाव छापलं नाही पण पत्रावर होतं, म्हणून सांगतो, त्याच आडनावाचा संकेश्वरचा एक पखवाज तीन आठवड्यांपासून माझ्याकडं पुडी बदलायला येऊन पडलाय. आणून देणाऱ्या माणसानं जाता जाता दोनदा विचारलं, पेट्यापण करता का हो तुम्ही? मी तेव्हा नुसतं हो म्हटलं. दोन्ही काम एकाच शनिवारी तयार ठेवतो, दुपारी चारनंतर या. मी दोघांनाही चारचीच वेळ देणार आहे.